रविवारची पुडी

वाईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या आमच्या घरी अंघोळीचं पाणी अजून बंबात तापतं. घरात गॅस आला, वीज आली, गच्चीवर सोलर बसवायची बोलणी दोन पावसाळे चालू आहेत, पण बंब जागचा हलत नाही. बंबाची तोटी सोडायची, कढत पाणी बादलीत घ्यायचं, मग त्यात विसण घालायचं, ही पद्धत. कुणी कधी मुद्दाम शिकवली नाही. गार पाणी आधी आणि कढत मागून घेतलं तरी अंघोळ तीच होते, हे आमच्या तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते सुचायला उशीर झाला. भावजय विसणाचं पाणी आणायला वळली. चार वर्षांची भाची मोरीच्या दारात पाठमोरी उभी राहून मांजराशी बोलत होती. मांजर पुढे आलं, ही मागे सरकली, आणि बादलीत बसली.

मी पुण्यात होते, बँकेत. फोन आईने केला होता, पण आधी ऐकू आला तो पोरीचा आवाज. तो इथे लिहीत नाही.

भावाने एक गोष्ट बरोबर केली, तीही न कळता. तिला उचलून अंगणातल्या नळाखाली धरलं आणि धरूनच ठेवलं. शेजारीपाजारी टूथपेस्ट, शाई, बटाट्याचा कीस, तूप असं हाताला लागेल ते घेऊन धावत आले होते. (पोळलेल्या माणसाभोवती आमच्याकडे इतके जिन्नस जमतात की त्याला काही लावायचंय की त्याची भाजी करायचीय, असा प्रश्न पडावा.) तो कुणाचं ऐकेना. "आधी गार होऊ दे तिला," एवढंच म्हणत राहिला. पुढे डॉक्टर म्हणाले की वीस मिनिटं वाहतं गार पाणी हेच करायचं असतं. बर्फ नाही, आणि वरून काही फासायचं नाही.

भाजलेल्यांच्या वॉर्डात नाव, गाव, वय सगळं मागाहून विचारतात. पहिला प्रश्न असतो, "किती टक्के?" नातेवाईकही एकमेकांची ओळख तशीच करून घेतात: तुमचे किती, आमचे किती. हे टक्के म्हणजे अंगावरच्या एकूण कातडीपैकी किती भाजली त्याचं माप. मोठ्या माणसाचा हिशेब लहान मुलाला लागू पडत नाही. मोठ्याचं डोकं ९ टक्के धरतात आणि एक पाय १८; तान्ह्या बाळाचं डोकंच १८ टक्के असतं आणि पाय १४. म्हणून मुलांसाठी वयाप्रमाणे बदलणारा वेगळा तक्ता असतो, आणि तो हाताशी नसेल तर मुलाचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, एक टक्का धरायचा. सिस्टरने भाचीचा इवलासा हात उचलून बघितला आणि नजरेनेच तिच्या पाठीवर, कमरेखाली, मांड्यांच्या मागच्या बाजूला पंजे मोजत गेली. अठ्ठावीस.

पाच आठवडे लागले. दोनदा मांडीच्या पुढच्या बाजूची पातळ कातडी काढून मागे लावली, म्हणजे जिथे पोळलं नव्हतं तिथेही जखम झाली. ड्रेसिंगच्या दिवसांबद्दल माझी भावजय अजून बोलत नाही, मीही तिला विचारत नाही. जानेवारी संपता संपता पोर घरी आली, तेव्हा गावातले लोक म्हणाले, बरी झाली. आम्हालाही तसंच वाटलं होतं. जखम भरली की माणूस बरा, इतकीच आपली व्याख्या.

सुटीच्या कागदावर मलम, खाज कमी करायचं औषध, व्यायाम, प्रोटीन, घट्ट बसणारे प्रेशर गारमेंट दिवसाचे तेवीस तास, असं बरंच होतं. एका ओळीत लिहिलं होतं: नव्या कातडीला ऊन लागू देऊ नये. आणि त्याच्याखाली, तिसऱ्या की चौथ्या ओळीत, व्हिटॅमिन डी.

या दोन ओळी एकमेकींशी भांडतायत हे मला दिसलं नाही. आईला दिसलं. सातवी शिकलेली माझी आई म्हणाली, "ऊन नको म्हणतात, आणि उन्हाचंच औषध देतात होय?"

आमच्या घरात उन्हावर श्रद्धा आहे. बाळ जन्मलं की तेल चोळून कोवळ्या उन्हात धरायचं. आजारातून उठलेल्याला ओट्यावर उन्हात बसवायचं. श्रावणात आई आदित्यराणूबाईचं व्रत करते, रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालते. नातीला उन्हात न्यायचं नाही म्हणजे काय, हे तिला पटणं शक्यच नव्हतं. तिने स्वतःपुरता तोडगा काढला: सकाळी साडेसातला पूर्वेच्या खिडकीची काच लावून घ्यायची, वारा नको म्हणून, आणि पोरीला खिडकीत बसवायचं. ऊन पायांवर पडतं, अंग शेकतं, आणि डॉक्टरांचं "बाहेर नेऊ नका" हेही पाळलं जातं.

तिला सांगायला मला फार जड गेलं की या सगळ्या खटाटोपात ड जीवनसत्त्व जवळपास शून्य. ते घडवणारे किरण अतिनील बी, २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातले. खिडकीची साधी काच ते अडवते. आणि सकाळी साडेसातच्या तिरप्या उन्हात ते जमिनीपर्यंत फारसे पोचतही नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते तेव्हा ते किरण भरपूर असतात, म्हणजे जेव्हा आपण मुलांना "घरात ये, ऊन लागेल" म्हणून ओरडतो तेव्हा. कोवळ्या उन्हाचं सुख खरं आहे, ऊब खरी आहे, आजीच्या मांडीवर बसणं तर खरंच आहे. फक्त हे एक काम त्याच्याने होत नाही.

मग ते होतं कसं? मी बँकेतली बाई, मला सगळं हिशेबात समजतं, पण इथे मला आईच्या फडताळातलं उदाहरण जवळचं वाटलं. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीतला एक पदार्थ असतो, ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल. ते दूध. उन्हातले ते किरण म्हणजे विरजण. विरजण लागलं की त्याचं दुसरंच काही बनतं, अंगाच्या उबेने ते मुरतं आणि ड जीवनसत्त्व होतं. तेही अजून कच्चं. यकृतात एकदा आणि मूत्रपिंडात एकदा त्याच्यावर प्रक्रिया होते तेव्हा कुठे तूप कढतं, आणि आतडं अन्नातलं कॅल्शियम धडपणे शोषून घ्यायला लागतं. अ, ब, क च्या पुढचं अक्षर मिळालं म्हणून ते जीवनसत्त्व, एरवी अंगात तयार होणारं आणि रक्तातून दूरवर निरोप पोचवणारं ते हार्मोनच आहे.

निरोप दूर जातो हे १९१९ साली बर्लिनमध्ये एका डॉक्टरने छान दाखवलं होतं. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, शहरातली मुलं उपाशी, मुडदुसाने, म्हणजे ड जीवनसत्त्वाअभावी हाडं मऊ पडून, पाय वाकलेले. कुर्ट हुल्डशिन्स्कीने त्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याखाली ठेवलं आणि क्ष-किरणांच्या चित्रांत हाडं भरताना दिसली. गंमत पुढे आहे: प्रकाश एकाच हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताचं हाडही सुधारत होतं. म्हणजे कातडीचा एक तुकडा सगळ्या अंगासाठी कमावतो.

आणि तुकडा भाजला तर?

हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. तेव्हा आम्ही पुडीत गुंतलो होतो.

फेब्रुवारीत रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व ९ आलं. वीसच्या आत म्हणजे कमी, हे कागदावरच छापलेलं असतं. डॉक्टर मात्र घाबरले नाहीत. म्हणाले, मोठं भाजल्यावर रक्तातली ते जीवनसत्त्व वाहून नेणारी प्रथिनंच घटतात, त्यामुळे आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. पण कमी आहे हे नक्की. साठ हजार युनिटची पुडी, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. मग रोजचे थेंब.

साठ हजार ऐकून भावाचा चेहरा उतरला. एवढ्याशा पोरीला साठ हजार! मी त्याला मांडून दाखवलं: ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, तेव्हा साठ हजार म्हणजे दीड मिलिग्रॅम. चिमटीतसुद्धा येणार नाही. पुडीत बाकी सगळी साखर.

पण दीड मिलिग्रॅमही मोजून द्यायचा असतो. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत. दुकानातल्या मुलाने पाकिटावर नेहमीसारखा पेनने "१" लिहून दिला. आठवड्याचा की दिवसाचा, ते लिहिलं नाही. आईचा तर्क सरळ: दूध रोजचं, पुडीही रोजची. बुधवारी मी फोनवर सहज म्हटलं, "सहा आणल्यात ना? मग मार्चपर्यंत पुरतील." पलीकडून आई म्हणाली, "कुठल्या मार्चपर्यंत? तीन संपल्या की."

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते कळलं. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं, पाण्यासारखं लघवीवाटे निघून जात नाही, अंगात साठतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि मूत्रपिंडावर ताण. डॉक्टरांनी उरलेल्या पुड्या तूर्त थांबवल्या, कॅल्शियम तपासलं, ते बरोबर निघालं. पूर्वी मुडदुसाला लाखांत डोस एकाच वेळी देत असत, असंही सांगितलं, बहुधा आम्हाला धीर यावा म्हणून. मला धीर आला नाही. पुडी स्वस्त असते, गोड लागते, आणि आता कुणाचं गुडघा-कंबर दुखलं तरी दुकानात नाव सांगून आणता येते. आमच्या बँकेतल्या निम्म्या लोकांच्या खणात ती असायची, कुणी कधी रक्त तपासलेलं नाही. औषध स्वस्त आणि गोड झालं की ते औषध आहे हेच आपण विसरतो.

उरलेल्या तीन पुड्यांना रविवार ठरवून दिला. भावजयीने कालनिर्णयावरच्या लाल चौकटींत पेन्सिलने गोल काढले. पुडी दिली की गोलात फुली. आईने ते व्रतात घेतलं. रविवार सूर्याचा, पुडीही सूर्याची, तिचं समाधान झालं. दुधाचा पेला पुढे करताना ती कहाणीतल्यासारखं म्हणायची, "उतायचं नाही, मातायचं नाही, घेतला वसा टाकायचा नाही." औषध नियमित घ्या हे इतक्या कमी शब्दांत मला अजून कुठल्या डॉक्टराने सांगितलेलं नाही.

मार्चअखेर आकडा ३४ झाला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिलो.

पाडव्याला भाऊ पोरीची उंची चौकटीवर पेन्सिलने मारतो. मागच्या पाडव्याची रेघ आणि यंदाची रेघ यांच्यात माझी करंगळी मावेना. मी काही बोलले नाही, तोही बोलला नाही. नंतर डॉक्टरांना विचारलं तेव्हा समजलं की मोठं भाजलेल्या मुलांची वाढ वर्ष-दोन वर्षं अडखळते. अंग आतून भट्टीसारखं चालू राहतं, जखम भरल्यावरसुद्धा. खाल्लेलं सगळं दुरुस्तीत जातं. ताणाचं हार्मोन, कॉर्टिसॉल, चढलेलं असतं आणि ते हाडं बांधणाऱ्या पेशींना गप्प बसवतं. त्यात महिनाभर अंथरुणावर पडून, पायांवर भार नाही. त्यात ड जीवनसत्त्व कमी, म्हणजे पोटातून कॅल्शियम नीट आत येत नाही. माझ्या भाषेत सांगायचं तर चालू खात्यात पैसे नाहीत म्हणून अंग ठेवी मोडतं, आणि अंगाची ठेव म्हणजे हाडं. त्या मोडल्याची पावती कुणाला मिळत नाही. कातडीवरचा व्रण सगळ्या गावाला दिसतो. हाडातली तूट पोर कुठूनतरी पडेपर्यंत कुणालाच दिसत नाही.

आमच्या शेजारच्या खाटेवर बीडकडच्या एका ऊसतोड कामगार बाईचं सहा वर्षांचं पोर होतं. फडाशेजारच्या कोपीत चुलीवरचं कालवण अंगावर सांडलेलं. नवरा तिसऱ्या दिवशी परत फडावर गेला. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली; काम थांबवून कसं चालणार. ती पोराजवळ राहिली आणि आम्हाला विचारून विचारून डॉक्टरांचं बोलणं समजून घ्यायची. जाताना तिच्याही कागदावर तेच: ऊन नको, गारमेंट घाला, पुडी द्या, तीन महिन्यांनी दाखवायला आणा. तिने मला विचारलं, "ताई, ऊन नको म्हंजी कुठं ठिवू ह्याला?" मी उत्तर दिलं नाही. तीन महिन्यांनी ते कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या कारखान्याच्या फडावर असतील ते तिलाच माहीत नव्हतं. ऊन त्या पोराकडे हवं तेवढं होतं, आठही प्रहर उघड्यावर. आज मला जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर मी तिला एवढंच सांगितलं असतं की त्या उन्हाच्या भरवशावर राहू नकोस.

ते कळलं सप्टेंबरात. रोजचे थेंब न चुकता चालू होते. कॅलेंडरच्या प्रत्येक चौकटीत फुली होती. दूध, आणि शाकाहारी घरात पहिल्यांदाच आलेली अंडी. (आईने अंड्यासाठी वेगळी कढई आणि वेगळा कोपरा दिला आणि नातीसाठी देव समजून घेईल म्हणाली. एका अंड्याच्या बलकात या जीवनसत्त्वाचे जेमतेम चाळीस युनिट असतात हे मी तिला सांगितलं नाही. एवढा मोठा त्याग, त्याचा असा हिशेब करू नये.) आणि आकडा आला १६.

भावजय रडायला लागली. तिला वाटलं आपणच कुठे चुकलो. माझाही पहिला विचार तोच, थेंब मोजायला कुणीतरी चुकलं.

पुण्यातल्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्ही नोकरी करता ना? इतर मुलांना हे थेंब म्हणजे वरकमाई असते. त्यांचा पगार उन्हातून येतो, शाळेत येता-जाता, ग्राउंडवर. हिचा पगार बंद आहे. वरकमाईवर घर चालवताय तुम्ही."

पगार बंद का, तर एक कारण उघडच होतं: कपडे. तेवीस तास गारमेंट, वर अंगभर कपडे, मैदानावर जायची वेळ संध्याकाळी सहानंतरची. पण दुसरं कारण त्यांनी सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

टेक्सासमध्ये गॅल्व्हेस्टन नावाचं बेटावरचं गाव आहे, मेक्सिकोच्या आखातात, साधारण आपल्या दिल्लीच्या अक्षांशावर. तिथे भाजलेल्या मुलांसाठी श्राइनर्स संस्थेचं रुग्णालय. गॉर्डन क्लाइन या डॉक्टरांनी तिथल्या मुलांच्या हाडांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. बरी होऊन घरी गेलेली मुलं परत तपासणीला यायची तेव्हा त्यांची हाडं वयाच्या मानाने विरळ आणि ड जीवनसत्त्व कमी सापडायचं, भाजून वर्षं लोटल्यावरही. समुद्रकाठच्या, सूर्य आग ओकतो अशा भागातली मुलं. पहिला संशय तोच, आमच्यासारखा: डॉक्टरांनी उन्हात जाऊ नका सांगितलं, मुलं गेली नाहीत. मग त्यांनी कातडीच तपासली. भाजून काही महिने उलटलेल्यांच्या कातडीचे तुकडे प्रयोगशाळेत किरणांखाली ठेवले. व्रणाच्या कातडीत ते मूळ दूधच कमी होतं, आणि जे होतं त्यालाही विरजण नीट लागेना: निरोगी कातडीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढंच रूपांतर. व्रणाला लागून असलेली, वरून धडधाकट दिसणारी कातडी तपासली तर तिथेही रूपांतराची तीच गत. २००४ साली हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

डॉक्टरबाई सांगत होत्या आणि मी भाचीकडे बघत होते. ती टेबलावरचा पेपरवेट फिरवत होती. तिच्या मानेवरची, दंडावरची कातडी अगदी आपल्यासारखी. मी सहा महिने मनात धरून बसले होते की एकदा गारमेंट सुटले, डाग पडायची भीती संपली, की हिला भर दुपारी अंगणात सोडू, आई दूध उतू घालेल, आणि सगळं भरून निघेल. तो दिवस पुढे ढकलला इतकंच, असं वाटत होतं. आता कळत होतं की उन्हात उभं केलं तरी ऊन तिच्यात पूर्वीसारखं शिरणार नाही. तिच्या आणि सूर्याच्या मधलं एक दार अर्धंमुर्धं लागलेलं आहे, आणि मला ते नऊ महिन्यांनी, दुसऱ्याच कुठल्या कारणाने झालेल्या तपासणीत कळतंय.

क्लाइन यांनी पुढे हेही पाहिलं होतं की भाजलेल्या मुलांना नेहमीची मल्टिव्हिटॅमिनची गोळी, ज्यात चारशे युनिट असतात, दिली तर सहा महिन्यांनीही कमतरता तशीच राहते. निरोगी बाळाला पुरतो तो डोस यांना पुरत नाही. आमच्या कॅलेंडरावरच्या सहा महिन्यांच्या फुल्या म्हणजे हाच प्रयोग आम्ही वाईजवळच्या एका खेड्यात पुन्हा करून पाहिला होता, नकळत. भावजयीला मी हे तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तिने डोळे पुसले. तिची चूक नव्हती, हे तिला माझ्याकडून नाही, टेक्सासकडून ऐकायला हवं होतं.

किती द्यायचं यावर जगभरच्या डॉक्टरांचं एकमत नाही. वजनाप्रमाणे द्यावं म्हणणारे आहेत, रोजचं बरं की आठवड्याचं यावर मतभेद आहेत. डॉक्टरबाईंनी रोजचा डोस वाढवला, कॅल्शियम जोडलं, आणि मुख्य म्हणजे तारीख लिहून दिली: तीन महिन्यांनी रक्त. "औषधापेक्षा ही तारीख चुकवू नका." तपासणी पुडीच्या कितीतरी पट महाग असते, म्हणून लोक पुडी घेतात आणि तपासणी सोडतात. मला ती बीडकडची बाई आठवली. तिच्या मुलाला पुडी कदाचित मिळतही असेल, एखाद्या सरकारी दवाखान्यात, तालुक्याच्या गावी. आकडा कोण बघणार?

मला राग येतो तो इथे. कुणा एका डॉक्टरावर नाही. आमचे सगळे भले होते, सिस्टर तर रात्ररात्र जागल्या. राग येतो त्या कागदावर. त्यात खाजेच्या औषधाला दोन ओळी होत्या आणि व्हिटॅमिन डीला दोन शब्द. 'हिच्या कातडीतून आता ऊन कमी येईल, म्हणून हे देतोय, आणि हे बराच काळ लागेल' एवढं एक वाक्य तिथे मावलं असतं. आईला ते एका फटक्यात समजलं असतं. तिने तर पहिल्याच दिवशी बरोबर प्रश्न विचारला होता.

यंदा जानेवारीत रक्त दिलं. पोर आता सहाची झालीय, पहिलीत आहे, सुईला हात स्वतः पुढे करते आणि तोंड भिंतीकडे वळवते. वॉर्डातली सवय. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी मी गावी पोचले तेव्हा रिपोर्ट माझ्या फोनवर होता.

सकाळी आईने अंगणात गोवऱ्या पेटवल्या, मातीच्या बोळक्यात दूध ठेवलं. मागच्या वर्षी या वेळी पोर आत खिडकीत होती, आणि त्याच्या मागच्या वर्षी नुकती घरी आलेली, पालथी झोपलेली. यंदा ती आली, पण लांब उभी राहिली, तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, एक हात कट्ट्यावर ठेवून. दूध वर यायला लागलं तशी ती दोन पावलं आणखी मागे गेली. मागे जाण्याआधी तिने वळून बघितलं, मागे काही ठेवलेलं नाही ना. हे ती आता नेहमी करते. दूध उतू गेलं, चर्र झालं, आईने हात जोडले.

मग मी आईला आकडा सांगितला. एकतीस.

"किती पैकी?"

रिपोर्टवर शंभरपर्यंतचा पट्टा छापलेला होता. मी म्हटलं, "शंभर."

आईने बोळक्यातलं उरलेलं दूध वाटीत ओतलं, त्यात साखर घातली, फुंकर मारून गार केलं, बोट बुडवून बघितलं आणि मगच नातीच्या हातात दिलं. "एकतीस," ती म्हणाली. "पस्तीसला पास असतं ना गं? चार गुणांनी राहिली की."

मी सांगायला गेले की आई, याच्यात तिसाच्या वर पास असतं. पण भाची वाटी तोंडाला लावता लावता थांबली होती.

"आत्या," तिने विचारलं, "माझे किती टक्के?"